एक जूनवाले

रफीकभाई, मी नसीमभाभींशी खोटं बोलले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही सांगायची माझी हिंमत व्हायची नाही.

तुम्हाला जाऊन तीन दिवस झाले होते. हर्सूलला तुमच्या घरी आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, मी भाभींजवळ जाऊन टेकले. त्यांनीच माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "सुजाता, उस दिन वो लोगां कंप्यूटर में बहोत देर देख रे थे. मैं बोल रई थी, पहले इनकू देखो, और वो डॉक्टर स्क्रीन कू देख रा था. क्या देख रे थे बेटा? तेरेकू तो मालूम रहेगा. तेराच है ना वो कंप्यूटर?"

मी म्हणाले, "नेट स्लो असेल, भाभी."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. माझ्यावर विश्वास ठेवायची तुमच्या घराला सवयच आहे. मी चहा न घेता उठले. नेट स्लो नव्हतं, रफीकभाई. ते नेट मी टाकलंय, ते कधी स्लो होत नाही. त्या स्क्रीनवर काय दिसत असेल, याचा अंदाज मला भाभींचा प्रश्न संपायच्या आतच आला होता.

तुमच्याशिवाय हे बोलणार तरी कुणाशी? ज्याला समजलं असतं असा माणूस एकच होता.

दीड वर्षापूर्वी मी तुमच्या हॉस्पिटलात आले तेव्हा तुम्ही मला दोन दिवस सर्व्हरच्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही. मी माझ्या पुण्याच्या कंपनीचं पत्र नाचवत होते. एवढं मोठं हॉस्पिटल, तालुक्यांत चार शाखा, आणि प्रत्येक खात्यानं आपापल्या मर्जीनं घेतलेला प्रोग्राम. केसपेपरचा वेगळा, लॅबचा वेगळा, औषधांचा वेगळा, रक्तपेढीचा तर कुठल्या जमान्यातला. एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. लॅबचा रिपोर्ट तयार झाला की शिपाईमामा चिठ्ठी घेऊन जिना चढणार, तेव्हा वॉर्डात कळणार. हे सगळं एका जाळ्यात आणायचं, एका स्क्रीनवर आणायचं, हे माझं काम. आणि तुम्ही, कंप्युटर विभागाचे प्रमुख, मला म्हणालात, "पहले काउंटर पे बैठ. केसपेपर निकाल."

लई राग आला होता मला. इंजिनिअर झाले ते केसपेपर फाडायला का? पण बसले दोन दिवस. "गाव कुठलं आजे? वय किती?" आणि आजी म्हणायची, "लिही की तुला वाटंल ते." तिसऱ्या दिवशी तुम्ही किल्ली काढलीत. आत वायरींचं जंगल, आणि प्रत्येक वायरीला मलमपट्टीची पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर उर्दूत काहीतरी. मी म्हणाले, "हे काय गिचमिड?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "गिचमिड नहीं. इसकू लिखना बोलते." मग एकेक पट्टी वाचून दाखवलीत. मी वहीत मराठीत उतरवत गेले. ती वही नसती तर मी पहिल्याच आठवड्यात अर्धं हॉस्पिटल बंद पाडलं असतं. याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसतेत, ती गोष्ट वेगळी.

आणि मग तो वाद.

आपल्याकडं माणूस केसपेपर घरी विसरतो, हरवतो, भिजवतो. दर वेळी नवा काढतो. एका माणसाचे सात-सात नंबर. नवीन सिस्टीममध्ये एका माणसाचं एकच खातं हवं, म्हणून जुनी खाती जुळवून एकत्र करायची होती. पुण्याच्या ऑफिसातून नियम आला: नाव, लिंग, पत्ता, मोबाईल आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक. इथं बसून बघितलं तर पत्ता जुळेना. शहराचंच नाव बदललेलं, अर्ध्या नोंदी जुन्या नावानं, अर्ध्या नव्या. गावांची नावं काउंटरवरच्या मुलींनी जशी ऐकू आली तशी. मोबाईल तर विचारूच नका, अख्ख्या गल्लीचा एकच नंबर, तोही रिक्षावाल्याचा. शेवटी मीच पत्ता काढला, मोबाईल काढला. नाव, लिंग आणि जन्मतारीख राहिली.

मी हे मोठ्या फुशारकीनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवलात.

"जनमतारीख? किसकी जनमतारीख?"

जुन्या मशीनवर तुम्ही काहीतरी टाइप केलंत आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवलीत. एक जून. एक जून. एक जून. पानामागून पान. "ये देख. आधा मराठवाडा एक जून कू पैदा हुआ."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. हेच तर मला खातंय. मी फुलंब्रीची. शाळेत नाव घालायला आईबाप मुलाला घेऊन येतात, जन्म कधीचा ते कुणाला ठाऊक नाही, मास्तर पोराकडं बघतो, सहा वर्षांचा दिसतोय म्हणतो आणि शाळा सुरू होते त्या महिन्याची पहिली तारीख ठोकून देतो. माझ्या बाबांचं असंच. भीमजयंतीच्या आधी दोन दिवस जन्मला असं आजी सांगायची, दाखल्यावर एक जून. तुम्ही विचारलंत, "तेरे अब्बा का?" मी म्हणाले, "एक जून." तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "मेरा भी." दोघंही खो खो हसलो.

मग मी म्हणाले, "पण वर्ष तर वेगळं असतं ना!"

"साल भी मास्टरकाच. और नाम? पुराने प्रोग्राम में जगा कित्ती है देखी क्या? बाप का नाम कट जाता. शेख रफीक, बस. ऐसे कित्ते शेख रफीक हैं जिल्हे में? एक जूनवालोंकू हात मत लगा, बेटी. बाजू में रख. एकेक कू फोन लगा, पूछ, फिर जोड."

"सहा महिने जातील, रफीकभाई."

"जाने दे."

"तुमचं काय जातंय, तुम्ही रिटायर होताय. वर उत्तर मला द्यायचंय."

हे मी म्हणाले. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला माहीत होतं, घरचेसुद्धा म्हणतात, सुजाताला आधी बोलायचं असतं आणि मग विचार करायचा असतो. तुम्ही ग्लास उचललात आणि गार झालेला चहा पिऊन टाकलात. मी जिंकले असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मंजुरीच्या कागदावर तुमची सही लागत होती. तीन आठवडे ती जागा कोरी राहिली. अधीक्षकांनी बोलावून सांगितलं तेव्हा तुम्ही सही केलीत. कागद माझ्या हातात देताना म्हणालात, "कम से कम मेरा तो देख ले. किसीके साथ चिपकाना नक्को मेरेकू."

"हो हो, तुमचं मी स्वतः बघते," मी म्हणाले.

आणि विसरले. आजारपण नव्हतं, अडचण नव्हती, कुणी थांबवलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी नुसती विसरले.

तो रविवार तरी आठवू द्या मला, तो चांगला होता. सकाळी सात वाजता जुनं बंद करून नवं चालू करायचं होतं. माझं बोट बटणाजवळ जाऊन परत येत होतं, तुम्ही शेजारी उभे. "डरती कायकू? मैं हूँ ना." जुन्या मशीनचं बटण तुम्हीच दाबलंत. पंखा हळूहळू थांबला. त्या पंख्याचा आवाज तुम्ही किती वर्षं ऐकला असेल, मला विचारायचं होतं, पण तुमचा चेहरा बघून राहिलं. दुपारी वॉर्डातल्या डॉक्टरांना पहिल्यांदा चिठ्ठीशिवाय, जिना न चढता रिपोर्ट दिसला आणि त्यांनी वरून फोन करून ओरडून सांगितलं, "आला! आला!" तुम्ही सगळ्यांसाठी नान-खलिया मागवला होता. माझ्या वाटीत दोनदा वाढलंत. "खा. आज तेरी शादी है समज." मी म्हणाले, "नवरा कुठाय?" तुम्ही सर्व्हरकडं बोट दाखवलंत. इतकी हसले होते मी त्या दिवशी की ठसका लागला.

महिनाअखेर तुम्ही निवृत्त झालात. त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, तुमच्या छातीत दुखायला लागलं. भाभी तुम्हाला दुसरीकडं कुठं नेणार? आपल्याच हॉस्पिटलात आणलं.

मी त्याच इमारतीत होते. तिसऱ्या मजल्यावर विश्वस्तांना नवीन सिस्टीमचं सादरीकरण करत होते. फोन बंद करून ठेवला होता. "एकही तक्रार नाही" असं मी सांगत होते आणि खाली तळमजल्यावर तुम्ही होता. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर तुम्ही गेला होतात.

भाभींच्या त्या प्रश्नानंतर मी काय केलं ते ऐका. काहीच केलं नाही. तुमचं खातं कुणी उघडलं, कधी उघडलं, काय बघितलं, याची सगळी नोंद सिस्टीम ठेवते. ती नोंद बघायची मला मुभा आहे. दोन मिनिटं लागतात. मी नावाच्या चौकटीत "शेख" टाइप करायचे आणि खोडायचे. आपत्कालीन विभागाच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या जिन्यानं चढायला लागले. फोन वाजला की धाबं दणाणायचं. काउंटरवर रांगेतल्या बायकांकडं बघवेना. यातल्या कुणाचं खातं कुणाच्या खात्याला मी चिकटवलंय? हिला जे औषध चालत नाही ते त्या दुसरीच्या नावावर तर नाही गेलं? रक्त देताना पुन्हा तपासतात, ते तपासतातच, असं मी स्वतःला समजवायचे. आणि गोळ्या? त्या कोण तपासतं? माझ्या आईनं विचारलं, "चेहरा का असा झालाय गं, ताप आहे का?" मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी पाणी ठेवून गेली.

मी इतकी भित्री आहे हे मला माहीत नव्हतं, रफीकभाई. तुम्हाला माहीत होतं बहुतेक.

आठवडा असाच काढला. सोमवारी सकाळी काउंटरवरच्या वैशालीनं फोन केला. "मॅडम, खाली येता का? सिस्टीम पेशंट मयत दाखवतीय. पण पेशंट माझ्यासमोर उभा आहे."

"नाव काय?"

"शेख रफीक."

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही.

काउंटरसमोर एक मजबूत बांध्याचा, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. सोयगावचा. तिथं त्याचं शटर-वेल्डिंगचं दुकान. पहाटेची एसटी पकडून तपासणीला आला होता. मला बघून हसला. "म्याडम, मी मेलो म्हणत्यात ह्या. लई बरं झालं, बायको सुटली!" रांगेतले सगळे हसले. वैशालीसुद्धा हसली. मी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. शेख रफीक. पुरुष. एक जून. वर्षही तेच. मयत, बुधवार. आणि त्याच्या वर चार महिन्यांपूर्वीची नोंद: पोटात रक्तस्राव, दाखल, दोन बाटल्या रक्त दिलं. लाल पट्टीत, मोठ्या अक्षरात. ती लाल पट्टी मीच काढून घेतली होती, डॉक्टरांच्या पटकन नजरेत यावी म्हणून.

"तुम्हाला चार महिन्यांपूर्वी पोटात...?"

"व्हय व्हय. रक्ताच्या उलट्या. इथंच होतो की धा दिवस." मग त्याचं हसू जरा कमी झालं. माझ्या तोंडाकडं बघत त्यानं विचारलं, "म्हंजी दुसरा कुणी रफीक मेला का?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग म्हणाला, "तुमचा कुणी होता?" मी हो म्हणाले, आणि वैशालीला सांगितलं की यांना हातानं केसपेपर लिहून दे, डॉक्टरांना माझा फोन जोडून दे, आणि यांच्या नावावर स्क्रीनमध्ये जे दिसतंय त्यातलं एक अक्षरही कुणी खरं मानू नका.

वर गेले, दार लावलं आणि नोंद उघडली.

नऊ वाजून बारा मिनिटांनी तुमचं खातं उघडलं होतं. नऊ चौदाला लाल पट्टी. मग वॉर्डातून मोठ्या डॉक्टरांनी तेच खातं उघडलं, तेही लाल पट्टीवर थांबले. शेवटी धोका पत्करून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन नऊ तेहतीसला लिहिलं गेलं. मधली एकोणीस मिनिटं सगळे त्या पट्टीकडं बघत होते, कारण पोटात एवढा रक्तस्राव झालेल्या माणसाला ते इंजेक्शन द्यायचं म्हणजे जिवाशी खेळ. पण तो माणूस तुम्ही नव्हता. तो सोयगावला शटरं जोडत होता.

जुन्या सिस्टीमवर काय झालं असतं, सांगू? काहीच दिसलं नसतं. डॉक्टरांनी तोंडानं विचारलं असतं, भाभींनी "नाही" म्हटलं असतं आणि इंजेक्शन दिलं असतं. मी सगळं एका स्क्रीनवर आणलं म्हणून ते थांबले.

त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरला मी गाठलं. कँटीनमध्ये बसला होता. सगळं सांगितलं. तो चहात चमचा ढवळत राहिला. मी विचारलं, "ती एकोणीस मिनिटं नसती गेली, तर?"

"सांगता येत नाही. खरंच नाही सांगता येत, मॅडम. मोठा झटका होता. वाचलेही असते, नसतेही." मग म्हणाला, "बाईंना आम्ही बाहेर पाठवलं होतं. मी पेशंटना विचारलं, काका, चार महिन्यांपूर्वी तुम्ही इथं ॲडमिट होता ना, रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या? ते नाही-नाही अशी जोरजोरात मान हलवायला लागले. काहीतरी तारीख बडबडत होते. एक जून, एक जून. मला वाटलं, भान हरपलंय. अशा वेळी पेशंट काहीही बोलतात."

रफीकभाई.

तुम्हाला कळलं होतं. तिथं पडल्या पडल्या, श्वास पुरत नसताना, तुम्हाला एका प्रश्नात सगळं कळलं होतं. तुम्ही सांगत होता. अख्ख्या हॉस्पिटलात त्या दोन शब्दांचा अर्थ समजेल असं एकच माणूस होतं आणि ते तिसऱ्या मजल्यावर फोन बंद करून टाळ्या घेत होतं.

तेव्हा तुम्हाला माझा राग आला का? हे मला आता कधीच कळणार नाही. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही कधी घातल्या नाहीत, हीच तुमची वाईट खोड.

आमच्या कंपनीच्या साहेबांना पुण्याला फोन केला. ते म्हणाले, "दोन्ही खाती शांतपणे वेगळी कर. कुठं लिहू नकोस. नेहमीची दुरुस्ती म्हणून दाखव." तसं करता आलं असतं. एक बटण आहे त्याला. सोयगावचा माणूस जिवंत झाला असता, तुम्ही तुमच्यापुरते मयत राहिला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगते, माझं बोट त्या बटणावर होतं. नोकरी, आईबाबा, कोर्टकचेरी, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण भाभी मला पुन्हा विचारणार होत्या. आज नाही तर वर्षानं. आणि मी पुन्हा म्हणणार होते, नेट स्लो असेल.

मी ते बटण नाही दाबलं. नोंद छापली, दोन पानांचं पत्र लिहिलं, आणि अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलं. "चूक" हाच शब्द लिहिला. नियम माझा, सूचना मिळाली होती, मी ऐकली नाही, असं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि त्याच दुपारी नियम बंद करायला लावला. माझं काय करायचं ते ठरायचंय अजून. प्रत्येक एक जूनवाल्याच्या खात्यावर आता पिवळी सूचना येते: तोंडी विचारा, स्क्रीनवर विसंबू नका. पण दरम्यानच्या काळात कुणाचं काय कुणाच्या खात्यात लिहिलं गेलं, ते सोडवायला बटण नाही. एकेकाला विचारूनच ते सुटणार.

मग मी हर्सूलला गेले. रिक्षात बसल्यापासून मला वाटत होतं की रिक्षा बंद पडावी. भाभी इद्दतीत, तुमच्या दुखवट्यात, घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे घरी नाहीत असं म्हणून परतायचीही सोय नाही. दार त्यांनीच उघडलं. मला आत बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले नाही. म्हणाले, "भाभी, त्या दिवशी मी खोटं बोलले. नेट स्लो नव्हतं."

आणि सांगितलं. सगळं. एक जून, सोयगाव, लाल पट्टी. तुम्ही मला नको म्हणाला होतात ते. तुमचं खातं बघते म्हणाले आणि विसरले ते. तुम्ही काय बडबडत होता ते. सांगताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही, फरशीकडं बघून बोलत होते. मी रडत नव्हते. रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्यांनी विचारलं, "कित्ते मिनट?"

"एकोणीस."

त्यांनी तो आकडा हळूच पुन्हा म्हटला. डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. मला वाटलं, आता जा म्हणतील, पुन्हा तोंड दाखवू नको म्हणतील. मी तयार होते. म्हटलं असतं तर मी उठून गेले असते आणि मला बरंसुद्धा वाटलं असतं.

"वो बुधवार कू ये बाहर निकलते वक्त बोल रे थे," त्या म्हणाल्या, "अपनेच हॉस्पिटल चलो. वहाँ सब सुजाता ने ठीक करके रखा."

मला कुणी तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं. त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं, की तुमची आठवण आली म्हणून म्हटलं, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "और कित्ते हैं ऐसे? जुडे हुए?"

"माहीत नाही, भाभी. पुष्कळ आहेत. एकेकाला फोन लावून विचारावं लागेल."

"कित्तों कू लगाया?"

"अजून एकालाही नाही. आधी तुमच्याकडं आले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रफीकभाई, माझ्याकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं. राग होता त्यात, तो माझ्या वाट्याचा होता, मी तो घेतला. त्यांचा आवाज चढला. या दीड वर्षात भाभींचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तो यहाँ कायकू बैठी है? मेरे सामने बैठ के क्या होना है? जा. ऊठ. फोन लगा!"